दगडाचं पाणी

शिशिर उतरला होता. पठारावर कोवळं, केशरधुरकट ऊन पसरलं होतं. काळ्या कातळाची, करड्या बाभळींची, विस्तीर्ण, वाऱ्यावाचून कुणी न बोलणारी ती वसाहत. आणि तिच्या टोकाला, शेवटच्या घराच्या मागच्या अंगणात, बादलीपुढे उकिडवे बसलेले त्र्यंबकराव औसेकर.

भूगोलाचे निवृत्त मास्तर. गंगेपासून ॲमेझॉनपर्यंत साऱ्या नद्या त्यांच्या जिभेवरून वाहिल्या. घरच्या नळाशी मात्र ओळख झाली ती पत्नी गेल्यावर.

पत्नीचं नाव मंदाकिनी. नाव स्वर्गंगेचं, आणि जन्म गेला बोअरच्या पाण्यावर.

ते पाणी पाताळातून यायचं. कातळ चाटत, क्षार पीत, दगडाचा स्वभाव घेऊन यायचं. दिसायला स्फटिकनिर्मळ, वागायला अगदी सरकारी. कितीही विनवा, फेस म्हणून द्यायचं नाही.

लेकीचा फोन आला होता. शर्वरीचं पहिलं बाळंतपण सासरीच झालं. रीत माहेरची, पण आई नसलेलं माहेर म्हणजे नुसता पत्ता.

"बाबा, रविवारी बाळाला घेऊन येते. आईचं एखादं जुनं पातळ धुऊन ठेवाल? त्यातच गुंडाळायचंय हिला. मऊ हवं हं!"

मऊ. एवढंच मागितलं लेकीनं. आजीच्या अंगावर विरलेलं सूत नातीच्या अंगाला लागावं, ही पिढ्यापिढ्यांची रीत. त्र्यंबकरावांना वाटलं, एवढं जमलं तर हे घर अजून माहेर आहे. नाही जमलं तर चार भिंती आहेतच.

त्यांनी कपाटातलं निळं सुती पातळ काढलं. सायंनिळं, शांतनिळं, धुऊन धुऊन आभाळाच्या जवळ गेलेलं. नाकाशी धरलं. घडीच्या आत अजून ती होती थोडी. शिकेकाईची, वेलदोड्याची, दुपारच्या झोपेची. मग डोळे मिटून त्यांनी ते बादलीत बुडवलं.

साबण लावला. फेस नाही. आणखी लावला. नाहीच. पोराला कळत नसेल तर तेच पुन्हा, जरा मोठ्यानं सांगावं, हे मास्तरांचं जन्माचं शास्त्र. त्यांनी अख्खी वडी झिजवली. पाणी नासक्या दुधासारखं फाटलं. करडा, चिकट साका सुताच्या धाग्याधाग्यात जाऊन बसला.

दुपारी दोरीवरच्या पातळावरून हात फिरवला, तर ते खरखरलं.

"भाऊजी, पापड घातलेत का वाळत?" कुंपणापलीकडून शेजारच्या सरोजवहिनींनी विचारलं.

"मंदाचं पातळ आहे. नातीसाठी."

वहिनींचं हसू ओठांतच विझलं. "अगं बाई! ... बाजारात मऊ दुपटी मिळतात हो, भाऊजी."

"मिळतात," त्र्यंबकराव म्हणाले. "आजी मिळत नाही."

संध्याकाळ झाली. मौनाची, मंद उजेडाची, एकट्या माणसाच्या चहाची संध्याकाळ. दुधाचं भांडं शोधताना फळीवरचं मोठं पातेलं हाताला लागलं. पालथं, जड, विस्मृत. आत तळाला पांढरा थर होता. नखानं खरवडला. दगड!

चुनखडीच्या गुहांचा धडा त्यांनी जन्मभर शिकवला. पाणी दगड पोटात घेतं, पाणी दगड सोडतं. फळ्यावर किती सुंदर आकृती काढायचे ते! आणि तेव्हाच, त्यांच्याच घरात, त्यांच्याच पाठीमागे, मंदाकिनी रोज संध्याकाळी धुण्याचं पाणी उकळून झाकून ठेवायची. सकाळी वरचं निवळ तेवढं हलकेच ओतून घ्यायची.

"गॅस कशाला जाळतेस फुकट?" ते करवादायचे.

ती झाकण ठेवायची. दगड खाली बसू द्यायची.

त्यांनी पातेलं गॅसवर चढवलं. पाणी गुणगुणलं, गदगदलं, उसळलं, रात्रभर निवलं, शुभ्र गाळ मुकाट्यानं तळाशी गेला. सकाळी त्या निवळीत त्यांनी चिमूटभर धुण्याचा सोडा टाकला, पातळ भिजवलं, खळबळलं, पुन्हा नवं निवळ घेतलं, पुन्हा खळबळलं. न पिळता, नुसतं दाबत, जपून, जपून. करडा साका सुटत गेला. हळूहळू बोटांखालचं सूत सैलावलं. रुसलेल्या माणसाचा हात आपल्या हातात सैलावतो, तसं.

सुवास मात्र गेला होता. तो आता कुठल्याच पाण्यात नव्हता.

रविवारी शर्वरी आली. बाळाला त्या निळाईत गुंडाळलं. एक इवली जांभई, एक इवली मूठ. मूठ उघडली, पदराचा काठ धरला, आणि पोर झोपी गेली. शर्वरीनं पातळावर गाल टेकवला. बराच वेळ उचलला नाही.

"कसं हो जमलं, बाबा?"

"पाणी उकळलं," ते म्हणाले. तेवढंच म्हणाले.

दिवस कलताना गाडी निघाली. नात गेली, लेक गेली, निळं पातळही गेलं. धूळ मागे राहिली, आणि तीही बसली.

दुसऱ्या दिवशी त्र्यंबकरावांनी स्वतःचा सदरा धुतला. नळाखाली, तसाच, न उकळता. कुणाचा गाल टेकणार होता त्यावर?

पठारावरून कोरडा वारा आला. सदरा वाळला, कडकला; मावळतीच्या तांबूस उजेडात, दोन्ही बाह्या पसरून, पोकळ छातीनं, कुणाला तरी कुशीत घ्यायचं असावं तसा, दोरीवर ताठ उभा राहिला. उभा राहिला, अंधार पडेपर्यंत.