कपाटाच्या दाराआडचे फादर

दर गुरुवारी संध्याकाळी मी आठ वर्षांचा होतो. एरवी माझी पन्नाशी उलटलेली आहे, सुतारकामाचं दुकान आहे, गुडघे कुरकुरतात. पण गुरुवारी बायको जेवणाच्या टेबलावरची भांडी बाजूला सारते, धर्मशिक्षणाची पुस्तकं मांडते, चष्मा नाकावर खाली ओढते आणि म्हणते, "बाळ, नीट बस." एरवी मला अहो-जाहो करणारी बाई त्या तासाभरात बिनदिक्कत अरे-तुरेवर येते, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडतं.

रविवारची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, झाली की ती चर्चच्या मागच्या खोलीत पहिल्या कम्युनियनच्या, म्हणजे पहिल्यांदाच पवित्र भाकर घेणाऱ्या, मुलांचा वर्ग घेते. धडा आधी माझ्यावर चालवून बघायचा आणि मगच मुलांवर, ही तिची पद्धत. नवा रंधा आधी टाकाऊ लाकडावर फिरवून बघतात, त्यातलाच प्रकार. मी पटकन बरोबर उत्तर दिलं की ती वैतागते. "आठ वर्षांचं पोर असं उत्तर देतं का? आधी खिडकीबाहेर बघ." मग मी खिडकीबाहेर बघतो, नाक खाजवतो, पाणी प्यायला जाऊ का विचारतो, आणि ती समाधानाने कागदावर लिहिते, 'इथे गोष्ट छोटी करणे.'

यंदा मात्र घोडं अडलं ते कन्फेशनपाशी. पहिल्या कम्युनियनआधी मुलांनी फादरांपुढे जाऊन आपल्या चुका सांगायच्या असतात. फादरांनी सरावासाठी एकदा सगळ्यांना बोलावलं, तर निम्म्या वर्गाची वाचाच बसली. दोघं रडली. आणि एक मुलगी, जिला आम्ही घरी चिडीचूप म्हणतो, ती तर दारातूनच माघारी फिरली. चिडीचूप वर्गात कधीच बोलत नाही. हजेरीलासुद्धा नुसती मान हलवते.

फादर माणूस मऊ, पण ते जे बोलले ते काही मऊ नव्हतं. "टीचर, मुलं घाबरतात. मी आणखी दोन आठवडे बघतो. मग वर्गात येऊन बसेन. तरी असंच असेल तर वर्ग सिस्टरकडे देऊ." सिस्टरच्या वर्गातली मुलं उत्तरं अशी धडाधड म्हणतात की प्रश्न संपायच्या आत उत्तर संपलेलं असतं. बायको घरी आली आणि ताटातला भात नुसता चिवडत बसली. तो वर्ग म्हणजे तिचा जीव आहे. आमची स्वतःची मुलं मोठी होऊन आपापल्या वाटेने गेली, आता घरात आठ वर्षांचा मी एकटाच.

त्यात तिचं एक चित्र हरवलेलं. धड्यांसाठी तिच्याकडे कापडावर चिकटवलेल्या मोठ्या चित्रांचा संच आहे. त्यातलं, घर सोडून गेलेला मुलगा परत येतो आणि बाप त्याला मिठी मारतो, ते नेमकं कन्फेशनच्या धड्याचं चित्र गायब होतं. खापर अर्थातच माझ्यावर फुटलं. "तुम्हीच भुशाच्या पोत्यात घालून टाकलंत." मी नाही म्हटलं, तर म्हणाली, "मुद्दाम टाकलंत असं कुठे म्हणतेय मी? तुमच्याकडून आपोआप होतं ते."

त्या गुरुवारी तिने नवा बेत आखला. मुलांना खोट्या फादरांपुढे सराव द्यायचा. खोटे फादर कोण, हे विचारायची गरज नव्हती. मी एका जुन्या कपाटाचं दार घेतलं, मधला आरसा काढून तिथे बारीक जाळी ठोकली, खाली पाय लावले. दाराच्या एका बाजूला खुर्चीवर मी, दुसऱ्या बाजूला मुलं. खरीखुरी चूक सांगायला कुणी लाजू नये म्हणून तिने कार्डांवर तयार पापं लिहिली. 'मी भावाची पेन्सिल घेतली.' 'मी आईला उलट बोललो.' 'मी गृहपाठ केला असं खोटं सांगितलं.'

"बघ, जमतंय का," म्हणून तिने मला जाळीपलीकडे बसवलं आणि एक कार्ड हातात दिलं. मी वाचलं, "मी शेजाऱ्याच्या मांजरीची शेपटी ओढली."

"पश्चात्ताप दिसत नाही," ती म्हणाली.

"मांजर बघितल्याशिवाय कसा दिसेल?"

"पुन्हा म्हण."

मी ते चारदा म्हटलं. शेवटी मला मांजरीचं खरंच वाईट वाटायला लागलं, तेव्हा कुठे सुटका झाली.

रविवारी मी दाराआड बसलो. पलीकडे रांगेत पापांचा बाजार भरला होता. एकाला 'खोटं बोललो' नको होतं, त्याने वर दोन पेन्सिली देऊन ते दुसऱ्याला खपवलं. एका मुलीला मांजरीचं पाप इतकं आवडलं की तिने ते मैत्रिणीकडून मागून घेतलं आणि वर शेपटीची लांबीही सांगितली. बायको खोलीच्या दुसऱ्या टोकाला उरलेल्यांना प्रार्थना शिकवत होती. माझ्यापाशी आलेली पोरं हळूहळू मोकळी होत होती, आवाज चढत होते. मला वाटलं, जमलं.

सगळ्यात शेवटी चिडीचूप आली. बराच वेळ पलीकडून नुसता श्वास ऐकू येत होता.

"वाच हं, बाळ," मी म्हटलं.

"काका," ती म्हणाली. तिचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होतो. "कार्डावरचं पाप माझं नाही. माझं वेगळंय. ते सांगू?"

मी गडबडलो. हे काही गुरुवारी घोटलेलं नव्हतं. "सांग," म्हटलं.

"टीचरचं चित्र मी घेतलंय. मिठी मारणाऱ्या बाबांचं. माझ्या कपाटात आतून लावलंय."

माझ्या मनात आधी आलं ते असं की, सुटलो. कितीतरी दिवस मी ज्या गुन्ह्याची बोलणी खात होतो, त्यातून सहीसलामत सुटलो. मग लक्षात आलं की जाळीपलीकडचं पोर अजून तिथेच उभं आहे.

"का गं घेतलंस?"

"माझे बाबा लांब असतात. कामाला. तो बाबा आवडला मला."

मी जाळीच्या कडेचा खिळा उगाच अंगठ्याने दाबून बघितला.

"तुम्ही टीचरला सांगणार?" तिने विचारलं.

"फादर कुणाला सांगत नाहीत."

"पण तुम्ही फादर नाही आहात."

"आत्ता आहे," मी म्हटलं. "माफी मात्र मला देता येत नाही. ती खरे फादर देतील. तू चित्र परत ठेव, आणि त्यांना सांग."

ती गेली. मी दार गुंडाळता येत नाही म्हणून खांद्यावर घेतलं आणि वाटेत खऱ्या फादरांना गाठलं. नाव-गाव न सांगता विचारलं की खोट्या फादरला कुणी खरी चूक सांगितली तर ती गुप्त ठेवायला मी बांधील आहे का.

"तुम्ही सुतार आहात," फादर हसले. "तुम्हाला कसलंच बंधन नाही."

"मग बायकोला सांगू?"

"ते तुम्ही बघा. जाळी तुम्ही ठोकलीय."

मला हे उत्तर अजिबात आवडलं नाही. घरी आलो तर बायको कपाटाच्या वरून पेट्या काढून चित्र शोधत होती. "पुढच्या रविवारी फादर येऊन बसणार, आणि माझ्याकडे मुख्य चित्रच नाही. सगळं तुमच्या त्या पोत्यांमुळे." एक वाक्य बोललो असतो तर घरात माझी इभ्रत परत आली असती. ते वाक्य अगदी जिभेच्या टोकावर आलं होतं. मी ते गिळलं आणि शिडी धरून उभा राहिलो. आठवडाभर तीच बोलणी, मूग गिळून. निरपराध माणसाला गप्प बसणं किती जड जातं, हे मला त्या आठवड्यात कळलं.

रविवारी बायकोने वर्गातली पेटी उघडली आणि वरच सुरळी केलेलं चित्र. कोपऱ्यांना चिकटपट्टीचे तुकडे. फादर मागच्या बाकावर बसले होते, मी जाळीचं दार उभं करत होतो. तिने चित्र उघडलं, माझ्याकडे बघितलं, आणि मुलांना म्हणाली, "हे चित्र कुणी हरवलं होतं माहितेय? या काकांनी. आणि आता हळूच आणून ठेवलं. विचारा त्यांना."

मुलं खदखदून हसली. फादर रुमाल तोंडाला लावून खाली बघायला लागले. मी चिडीचूपकडे बघितलं नाही, पण ती माझ्याकडे बघतेय हे कळत होतं. मी जाळीचा खिळा तपासत राहिलो.

"काय हो, बोलत नाही ते?" बायको म्हणाली.

"काय बोलू?" मी म्हटलं.

धडा सुरू झाला. मुलं बरी बोलत होती. मग फादर उठून पुढे आले आणि त्यांनी नेमकं दुखतं तेच विचारलं. "समजा तुम्ही मला काही सांगितलं आणि मी ते टीचरना सांगितलं तर? भीती वाटते ना?"

सगळा वर्ग गप्प. मागच्या वेळेसारखाच. बायकोचा हात चित्राच्या कडेवर घट्ट झाला. तिचा वर्ग जातोय, हे तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं, आणि मला फार वाईट वाटलं.

तेवढ्यात तिसऱ्या बाकावरून हात वर आला. चिडीचूपचा. अख्खा वर्ग वळून बघायला लागला.

"नाही सांगत," ती म्हणाली. "टीचरनी सगळ्यांसमोर दोष दिला तरी नाही सांगत. मी बघितलंय."

आणि ती उठून फादरांपाशी जाऊन उभी राहिली. "मी पहिली येऊ?"

तिच्यामागे मांजरवाली उठली, मग पेन्सिलवाला. बघता बघता रांग लागली. फादर माझं कपाटाचं दार न वापरताच त्यांना चर्चमध्ये घेऊन गेले. सिस्टरचं नाव पुन्हा निघालं नाही.

बायको मात्र बाकांच्या मधोमध चित्र धरून तशीच उभी होती. ती कोपऱ्यांवरची चिकटपट्टी निरखत होती. मग तिने माझ्याकडे बघितलं, बराच वेळ. मी खिडकीबाहेर बघायला लागलो.

"ती काय म्हणाली, तुम्हाला कळलं का हो?" तिने हळूच विचारलं.

"मी आठ वर्षांचा आहे," मी म्हटलं. "मला काय कळतंय."

तिने चित्राची सुरळी केली. माझ्या शर्टावरचा भुसा झटकला. त्यानंतर आमच्या घरात पोत्यांचा विषय कधी निघाला नाही.