तायोन्दाच्या जागी

माझा भाऊ तायोन्दा हात पुढे केला म्हणून मेला. फ्रेंचांच्या वेळी किल्ल्याच्या दाराशी जाऊन हात पुढे केला की बंदुकीची दारू, कापड, चाकू मिळायचं. ती भीक नव्हती. आमच्या टोळीच्या नदीकाठी राहायचं तर देत राहायचं, हे त्यांना समजत होतं. मग फ्रेंच हरले, इंग्रज आले. तायोन्दा नेहमीसारखा दाराशी गेला, हात पुढे केला, आणि पहाऱ्यावरच्या शिपायानं त्याला गोळी घातली. शिपायाचं नाव पॅस्को. ते मी मुद्दाम विचारून घेतलं होतं.

लढाई पेटली तेव्हा आमच्या पुरुषांनी इंग्रजांच्या होड्या अडवल्या आणि त्यात हाच पॅस्को जिवंत सापडला. त्याला बांधून आईपुढे आणून टाकलं. कैद्याचं काय करायचं ते आमच्यात मेलेल्याची आई ठरवते. मी तर त्याला जाळण्यासाठी लाकडं रचायलाही घेतली होती.

आईनं त्याला खालीवर न्याहाळलं. "ती लाकडं चुलीपाशी ठेव," ती म्हणाली. "माझ्या घरात एक जागा रिकामी आहे."

"अगं, ह्यानंच मारलंय त्याला!"

"म्हणूनच. ज्यानं रिकामी केली त्यानंच भरायची."

मेलेल्याच्या जागी घेतलेल्या माणसाला बायका नदीवर नेतात आणि त्याचं जुनं रक्त घासून काढतात. मीही गेले. वाळूनं असा घासला की पाठ सोलून निघाली. तो ओरडत होता, बायका हसत होत्या, मी मात्र हसले नाही. बाहेर आला तो तायोन्दा होऊन. आता त्याच्यावर हात उगारणं म्हणजे सख्ख्या भावावर हात उगारणं. त्याला साधं 'कैदी' म्हणणंही पाप. माझे दोन्ही हात बांधले गेले आणि त्याचे सुटले.

तो माझ्या भावाच्या वाडग्यात मक्याची पेज खायचा, भावाच्या बंदुकीनं शिकार करायचा. आमची भाषा शिकला. मला 'ताई' म्हणायचा, तेव्हा माझ्या अंगाची आग आग व्हायची. आणि मेला वाईट तरी वागावा! तेही नाही. पहिलं मांस आईपुढे ठेवायचा, तिच्यासाठी सरपण आणायचा. आई त्याच्या बोलण्यातल्या चुका ऐकून हसायची. तायोन्दा गेल्यापासून ती हसलीच नव्हती, आणि तिला हसवलं कुणी, तर ह्यानं! त्यासाठी तर मी त्याला कधीच माफ केलं नाही.

तह झाला. इंग्रजांनी आपली माणसं परत मागितली. माझा नवरा आम्ब्रुआज, नदीपलीकडचा फ्रेंच, किल्ल्यावर धान्य पोचवून धावतपळत आला.

"नीट ऐक," तो धापा टाकत म्हणाला. "कैदी होता म्हटलं तर त्याला कपडे देऊन घरी पाठवतील. पण शिपाई आपल्या मर्जीनं इकडे राहिला असं दिसलं, तर फाशी. तुझ्या आईला सांग, काय वाटेल ते झालं तरी 'कैदी' म्हणायचं. 'मुलगा' म्हणायचं नाही. मी होडी काठाला बांधून येतोच."

"सांगते," मी म्हटलं.

आई दारात बसून त्याच्यासाठी हरणाच्या कातड्याचे जोडे शिवत होती. इंग्रजांचा कप्तान आणि त्याचा दुभाषा वाटेवर दिसू लागले होते. ती घाबरली होती. "ते त्याला नेतील का गं? मी काय सांगू?"

एवढ्या दिवसांत तिनं मला पहिल्यांदाच काही विचारलं होतं.

"खरं तेच सांग," मी म्हणाले. "तो तुझा मुलगा आहे म्हणावं. आईकडून मुलाला कोण नेतं?"

तिचा चेहरा उजळला. सांगते तुम्हाला, मला आनंद झाला. फार दिवसांनी पोटभर जेवल्यासारखं वाटलं.

पॅस्को कप्तानासमोर ताठ उभा राहिला. आपल्याला बांधून ठेवलं होतं, असं त्यानं इंग्रजीत सांगितलं. दुभाष्यानं आईला विचारलं, "खरं आहे का हे?"

"बांधून?" आई ताडकन उठली. "माझ्या पोराला कोण बांधतंय? एकटा शिकारीला जातो! तुमच्या किल्ल्यासमोरून होडी नेतो आणि संध्याकाळी माझ्या चुलीपाशी येतो. विचारा गावाला!"

दुभाषा एकेक वाक्य इंग्रजीत सांगत गेला. पॅस्को पांढरा पडला. आमच्या भाषेत ओरडला, "आई, गप्प बस! आई, पाया पडतो!"

"काय म्हणाला?" कप्तानानं विचारलं असावं, कारण दुभाषा खांदे उडवून जे बोलला ते पॅस्कोनं डोळे मिटून ऐकलं. मग त्यानं डोळे उघडले आणि थेट माझ्याकडे पाहिलं. त्याला सगळं कळलं. मला तेच हवं होतं.

त्याला घेऊन जाताना आई मागे धावली आणि अर्धवट शिवलेले जोडे त्याच्या खांद्यावर टाकून आली. "लवकर ये," म्हणाली.

आम्ब्रुआज आला तेव्हा वाट मोकळी झाली होती. त्यानं विचारलं, "सांगितलं नाहीस?" त्या दिवसापासून तो माझ्या हातचं जेवला नाही. न जेवेना का. तायोन्दा काही त्याचा भाऊ नव्हता.

फाशीची बातमी त्यानंच आणली. आईनं ऐकलं, चाकू घेतला आणि केस मुळापासून कापले, तायोन्दासाठी कापले होते तसेच. रडली नाही. मग मला समोर बसवलं.

"तुझ्या भावाला त्यांनी पुन्हा मारलं," ती म्हणाली. "मागच्या वेळी तू केवढी पेटली होतीस! लाकडंसुद्धा रचली होतीस. अन् आता नुसती बसून राहिलीस? ऊठ पोरी. ज्यानं त्याला मारलं, त्याला माझ्यापुढे आणून उभा कर."