दम तुटेपर्यंत

दिनांक २५ डिसेंबर १९९८, दुपार. स्थळ : कोल्हापूर, चर्चमागचं मैदान. हजर : मुलींच्या कबड्डी संघाच्या सात खेळाडू, त्यांच्या प्रशिक्षक रूथबाई आणि संघाची व्यवस्थापक म्हणून मी. न बोलावता हजर : त्या सातांतल्या सुनंदाचा थोरला भाऊ तानाजी, कुंपणापलीकडे, हातात वेळूची काठी.

रूथबाई म्हटलं की मला आधी त्यांचा श्वास ऐकू येतो. लोहाराच्या भात्यातून निघावा तसा उष्ण, खरखरीत, अर्ध्या मैदानावरूनही जाणवणारा तो श्वास, आणि त्यामागोमाग मातीवर आपटणाऱ्या देहांचा दणका. डिसेंबरचं ऊन कोवळं असतं म्हणतात; त्या मैदानावर मात्र ते ऊसतोडीच्या कोयत्यासारखं लखलखत येई आणि सोललेल्या गुडघ्यांवर, फुटलेल्या कोपरांवर नेमकं उतरे. बाईंची डावी करंगळी जुन्या एका पकडीत मोडून उलट्या दिशेला वळलेली होती. त्याच हाताने त्या सकाळी प्रार्थनेत पवित्र शास्त्राची पानं उलटत आणि दुपारी नाताळच्या पांढऱ्या लुगड्याचा काचा मारून मुलींना मातीत लोळवत. कोणी पडून कण्हू लागली, की त्यांचा आवाज चाबकासारखा येई : "देवानं आपलं लेकरू गव्हाणीत ठेवलं, गादीवर न्हाई. उठा!" आणि मुली उठत. त्यांच्या तोंडून सुवार्ता अशी धुळीने माखून, ठेच लागल्यासारखी येई. म्हणूनच ती लक्षात राही.

नाताळच्या आठवड्यात त्यांचा एक रिवाज असे. चढाईला जाणारी मुलगी 'कबड्डी' न म्हणता नाताळच्या गाण्याचं एक कडवं एका दमात म्हणत जाई. कडवं संपण्याआधी श्वास तुटला की बाद. सातांत ख्रिस्ती मुलगी एकच, पण फुप्फुसांना जात नसते, असं बाई म्हणत. दुसऱ्या दिवशी सकाळी जिल्हा संघाची निवड होती. सुनंदाची ती शेवटची संधी, कारण वर्ष सरताच तिचं लग्न उरकायचं घरी ठरलं होतं. निवड झाली तरच ते लांबणार होतं. खेळ सोड म्हणून तानाजीने तिला सकाळीच मारलं होतं. तिचा एक डोळा सुजून मिटलेला होता. उरलेल्या एका डोळ्याने ती चढाईला निघाली आणि येशूच्या जन्माचं कडवं तिच्या छातीतून शीळ घातल्यासारखं सुटलं.

तानाजी कुंपण ओलांडून आत आला.

"कुणाचं नाव घ्यालीस गं? बाप मेला म्हून देव बदलतीस व्हय?"

"दम वाढवायला लागलीया ती," बाई मध्ये सरकल्या. "उद्या निवड हाय, तानाजी."

"निवड गेली खड्ड्यात! चल घरला!"

काठी सुनंदासाठी उठली आणि बाईंच्या तोंडावर उतरली. पांढऱ्या लुगड्यावर रक्त असं फुललं, की क्षणभर सगळं मैदान त्या एका रंगाकडे बघत राहिलं. काठी पुन्हा उठली.

कोणी इशारा केला नाही. सात मुलींच्या हातांची साखळी आपोआप वळली. एकीने घोटा धरला, दुसरीने गुडघा, बाकीच्या कमरेवर कोसळल्या, त्यांत सुनंदाही होती. तानाजी खांद्यावर आपटला आणि ओली फांदी पिळून मोडावी तसा आवाज आला. "सोडा! सोडा गं!" तो किंचाळत होता. पण मुलींच्या अंगात वर्षानुवर्षं एकच नियम मुरला होता : गडी आवाज काढतोय तोवर त्याचा दम शाबूत आहे, आणि दम तुटेपर्यंत पकड सोडायची नाही. तो जितका ओरडे, तितकी मिठी आवळे. माणूस आणि खेळगडी यांतला फरक त्या घटकेला त्यांच्या हातांना कळत नव्हता. फुटल्या ओठांनी बाईच ओरडल्या, "सोडा! ह्यो खेळ न्हवं!" आणि एकेकीची बोटं त्यांनी स्वतः उकलली.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तानाजी भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "जिन्यावरनं पडलो." त्याच्या घराला जिना नव्हता. ओठाला टाके घातलेल्या बाई त्याच्या खाटेपाशी डोळे मिटून प्रार्थनेला बसल्या होत्या.

"म्हातारे, मला बाटवालीस काय?"

"न्हाई. दुखतंय किती, तेवढं सांग."

सुनंदा पायथ्याशी उभी होती.

"दादा, उद्या जाऊ?"

त्याने आपल्या बांधलेल्या हाताकडे बघितलं. "जा की. आडवायला हात कुठं ऱ्हायलाय मला?"

ती गेली. एका डोळ्याने ती वाघिणीसारखी खेळली आणि निवडली गेली. बाईंनी ते पाहिलं नाही, कारण त्या वेळी त्या तानाजीला चमच्याने पेज भरवत होत्या. प्लास्टर निघालं तेव्हा त्याचा हात छातीपर्यंतच येत होता. मग दर गुरुवारी बाई तेलाची बाटली घेऊन त्याच्या दारात. त्याची बोटं भिंतीवर टेकवून त्या वर चढवायच्या, तो शिव्या द्यायचा, त्या म्हणायच्या, "शिव्या दे, पर दम सोडू नगंस." शत्रूवर प्रीती करा, हे वचन मी प्रार्थनेत पुष्कळदा ऐकलं होतं; त्याला खोबरेल तेलाचा वास असतो, हे त्या भिंतीपाशी कळलं.

दोन पावसाळ्यांनंतर बाई झोपेतच गेल्या. सुनंदा खेळाच्या बळावर नोकरीला लागून परगावी गेली. गुरुवारी आता मी जाते. माझ्या हातात बाईंचा जोर नाही, तानाजीच्या शिव्यांनाही पूर्वीची धार नाही, आणि पुष्कळदा आम्ही दोघं भिंतीपुढे नुसतेच उभे असतो. काळ माणसाला उचलून नेतो, पण त्याने हाती घेतलेलं काम अर्ध्या उंचीवर, उबदार, तसंच ठेवून जातो. तानाजीचा हात अजून खांद्याच्या वर न्यायचा आहे.