आठ तासांत सहा

माझ्या भाचीला दमा आहे. गेल्या चार महिन्यांत हे वाक्य मी इतक्या लोकांना सांगितलंय आणि इतक्यांनी त्यावर मान तिरकी करून "अस्सं?" म्हटलंय, की आता ते कुणाच्या तरी तोंडावर फेकून मारावंसं वाटतं. दमा आहे. तीन वर्षांची असल्यापासून आहे. माझी बहीण तिला छातीशी उभी धरून तासन्‌तास बसायची, कारण आडवं केलं की पोरीचे ओठ निळे पडायचे.

सायकलवर तिला मीच बसवलं. आज ती सव्वीस वर्षांची आहे, व्यावसायिक संघातून शर्यती खेळते आणि चढावर भल्याभल्यांना मागे टाकते. हडकुळी आहे म्हणून संघात तिला 'काडी' म्हणतात. मी त्याच संघात मालिशवाला. पाय चोळतो, बाटल्या भरतो, शर्यत संपली की शेवटच्या रेषेपलीकडे टॉवेल घेऊन उभा राहतो. तिचा मामा म्हणून सगळ्या संघाचा मामा झालो. पुढे माझा खरोखरच मामा झाला, पण तो कुणी दुसऱ्याने केला नाही, माझा मीच केला.

नियम साधा आहे. दम्याचं तिचं औषध आठ तासांत सहा पफपर्यंत चालतं. जास्त लागणार असेल तर आधी वैद्यकीय सूट घ्यायची: तपासण्या, अर्ज, डॉक्टरांची सही. अचानक झटका आला तर सूट मागाहूनही मिळते, पण झटका आला होता हे त्याच दिवशी कुठेतरी लिहिलेलं असावं लागतं.

आमच्याकडे इनहेलर चार होते. एक तिच्या जर्सीच्या मागच्या खिशात, एक आमच्या डॉक्टरीणबाईंच्या बॅगेत, एक मॅनेजरच्या गाडीत आणि एक माझ्या कमरेच्या पाउचमध्ये. पोरीला कधी कमी पडू नये म्हणून मीच ही व्यवस्था लावली होती, आणि मला तिचा केवढा अभिमान होता! फक्त मोजणारं कुणी नव्हतं. प्रत्येकाला वाटायचं, आपण दोनच तर दिले.

सात दिवसांच्या शर्यतीचा तो पाचवा दिवस. काडी एकूण वेळेत तिसरी होती, दुसरीपेक्षा बावीस सेकंद मागे. शेवटचा चढ खडीच्या खाणीशेजारून जात होता आणि वारा नेमका रस्त्यावर येत होता. ती रेषा ओलांडून आली तेव्हा तोंड पांढरंफटक, मानेच्या शिरा तट्ट, आणि श्वास आत जातच नव्हता. मी तिला कठड्याला टेकवून बसवलं. तिने हाताने खूण केली. मी इनहेलर तिच्या तोंडाला लावला. दोन. काही फरक नाही. आणखी दोन. तेव्हा कुठे छाती हलली. मला रडू आलं, आणि मी ते टॉवेलात लपवलं.

शर्यतीचे डॉक्टर समोरून येताना दिसले, तेवढ्यात कानातल्या यंत्रावर मॅनेजरचा आवाज आला, "मामा, दम्याचं नाव काढू नका हं. उद्या तिला उतरू देणार नाहीत."

डॉक्टर वाकले. "काय झालं हिला?"

"काही नाही साहेब. ऊन लागलं. थकलीय नुसती."

त्यांनी काडीकडे पाहिलं. तिने मान हलवली. त्यांनी वहीत लिहिलं, 'थकवा, औषधोपचार नाही', आणि सोबतचा माणूस म्हणून माझी सही घेतली. सही करताना मला वाटलं, झाकली मूठ सव्वा लाखाची. मग नियमाप्रमाणे तिला लघवीचा नमुना द्यायला नेलं आणि मी तिच्या सायकलवरची धूळ पुसत बसलो.

सातव्या दिवशी शर्यत संपली तेव्हा ती एकूण वेळेत दुसरी आली. तीन आठवड्यांनी पत्र आलं. नमुन्यात औषध मर्यादेपेक्षा बरंच जास्त. तात्पुरती बंदी, खुलासा करा.

त्यानंतर काय काय झालं ते सगळं सांगत बसत नाही. पेपरांत फोटो आले. ज्या पोरी तिच्या सावलीत राहून चढ चढायच्या त्यांनी फोन उचलणं सोडलं. सरावाला निघाली तर एका गाडीतून कुणीतरी ओरडलं, "आज कितीचं इंजेक्शन?" आणि शहाण्यांचा एक प्रश्न ठरलेला: दमा असलेली बाई डोंगर चढतेच कशी? अरे, औषध घेऊन चढते! चष्मेवाल्याला विचारता का, वाचतोस कसा म्हणून?

आम्ही मागाहून सूट मागितली. त्याच अर्जात पुढच्यासाठीही मागितली, कारण नव्या तपासण्यांत तिचा दमा वाढलेला निघाला होता. बैल गेला आणि झोपा केला, दुसरं काय. झटक्याचा पुरावा म्हणून मी डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्या त्यांच्या टेबलाशी बसल्या होत्या, फाइल उघडी. "मामा, त्या दिवशीच्या पानावर मी काहीच लिहिलेलं नाही. तुम्हीच मला म्हणालात ना, ठीक आहे म्हणून?"

"आता लिहा की. दोन ओळी."

"जुन्या तारखेने लिहू? माझा परवाना जाईल."

मी त्यांचे पाय धरायचे बाकी ठेवले होते. त्यांचेही डोळे भरले, पण पेन काही त्यांनी उचललं नाही. आणि खरं सांगायचं तर त्यांचं चुकलं नाही. मॅनेजरने तर लेखीच कळवलं की संघाला या प्रकाराची कल्पना नव्हती. शब्द त्याचे, सही माझी.

सुनावणीच्या आदल्या दिवशी मी ठरवलं, सगळं आपल्या अंगावर घ्यायचं. ती शुद्धीवर नव्हती, तिला न विचारता मी औषध मारलं, असं सांगायचं. माझी नोकरी जाईल, जाऊ दे. तिची चूक नाही असं ठरलं तर शिक्षा टळेल. काडीला मी यातलं काहीच सांगितलं नाही.

खोली छोटी होती. लांब टेबल, पलीकडे तिघं, मधल्या बाई अध्यक्ष. मी पाठ केलेलं सगळं बोललो. त्यातले चार पफ तेवढे खरे होते.

अध्यक्षबाईंनी वहीतलं ते पान माझ्यापुढे सरकवलं. "ही सही तुमची?"

"हो."

"इथे उपचार नाही म्हणता. आज म्हणता चार पफ दिले आणि ती बेशुद्ध होती. मग खोटं कधी बोललात, तेव्हा की आज?"

मी पाठ केलेलं पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

"मामा, पुरे," काडी म्हणाली. मग ती त्यांच्याकडे वळली. "मी शुद्धीवर होते. औषध मीच मागितलं. सकाळी आमच्या डॉक्टरीणबाईंचे दोन, चढावर माझे दोन, गाडीतून दोन, मामाचे चार. दहा झाले. बाकी कुणी मोजले नसतील, मी मोजले होते."

"सहा झाल्यावर तुम्हाला माहीत होतं?"

"होतं. पण श्वास येत नव्हता."

"मग शर्यतीच्या डॉक्टरांना का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी सायकल काढून घेतली असती. बावीस सेकंदच राहिले होते."

टेबलाखाली मी तिचा हात शोधला. तिने तो दिला, थंडगार होता. मला तिचा राग आला. इतका, की तिथेच ओरडावंसं वाटलं: मी बुडायला तयार होतो ना गं! एवढं एक खोटं चालवून घेतलं असतंस तर काय बिघडलं असतं? बाहेर आल्यावर तसं म्हणालोही. ती म्हणाली, "मला औषधचोर म्हणतात, ते मी सोसलं. तुझ्या खोट्यावर सुटले असते तर ते खरं झालं असतं." मग ती जिन्यावर बसली आणि लहानपणी रडायची तशी रडली.

नऊ दिवसांनी निकाल आला. दुपारची वेळ होती, ती आत झोपली होती, पत्र मी उघडलं. दोन पानं. पहिलं वाचून मी खुर्चीत बसलो. दुसरं वाचून पुन्हा पहिलं वाचलं. मग बहिणीला फोन लावला, कारण कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला उठता आलं नसतं.

"दादा, काय झालं?"

"झालेल्या गोष्टीला सूट नाही म्हणतात. नोंद नाही म्हणून. पुढच्यासाठी मात्र दिलीय. तपासण्या पाहिल्या, दमा खरा आहे, हवं तेवढं औषध घेऊ दे, असं लिहिलंय."

"म्हणजे पोरीला आजार आहे हे त्यांना पटलं?" तिच्या आवाजात जीव आला.

"पटलं."

"मग आता?"

"सूट एक वर्षाची आहे," मी म्हणालो. "आणि बंदी दोन वर्षांची."