कॅलेंडरखालचं वाक्य

मित्रांनो, नव्या राजधानीची बससेवा माझ्या छातीवर जन्मली. जन्मली म्हणजे तीन चौकोन, काही बाण आणि कोपऱ्यात समोशांची ऑर्डर. मी एक जुना पांढरा फळा आहे. नवा रायपुरातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीच्या भिंतीवर मी नोकरी केली.

बसच्या कामाच्या पहिल्याच दिवशी तिथल्या प्रोग्रामर नीलिमानं माझ्यावर लिहिलं, ‘थांब्यावर उभ्या माणसाला बस कुठे आहे ते कळावं.’

“हे काय करून राहिली तू?” तिचे साहेब पराग सर ओरडले. “हा मार्कर पुसल्या जात नाही ना!”

“चुकीचा उचलला, सर.”

फडक्यानं घासलं, थिनरनं घासलं. वाक्य गेलं नाही.

त्याच्याखाली तिनं चौकोन काढले. एकच भलामोठा प्रोग्राम लिहायचा नव्हता, लहान लहान सेवा, म्हणजे एकेका कामाचे छोटे प्रोग्राम, करायच्या होत्या; प्रत्येकीचा एक चौकोन. एक बसचा ठाव घेणारी, दुसरी वेळ काढणारी, तिसरी प्रवाशाच्या मोबाइलवर संदेश धाडणारी. जो चौकोन वरच्या वाक्याच्या कामाचा नाही तो पुसायचा, असा तिचा नियम. तेव्हा माझं फार कौतुक झालं. पाहुणे माझ्यापुढे उभे राहून फोटो काढायचे.

मग उद्घाटन जवळ आलं. बससेवेच्या बड्या साहेबांच्या दालनात मोठा पडदा हवा, त्यावर बस सरकताना दिसावी, तिचा रंग बदलता यावा, अशा मागण्या आल्या आणि प्रत्येकीचा चौकोन माझ्यावर चढला. माझ्यावर जागा उरली नाही आणि कुणाकडे वेळ उरला नाही. संदेशाचा चौकोन पुसला गेला. वाक्य मात्र पुसलं जाईना, म्हणून पराग सरांनी त्यावर कॅलेंडर टांगलं.

उद्घाटन झालं, हार झाले. त्यानंतर एका संध्याकाळी आमच्या ऑफिसातल्या तशाच पडद्यावरची बस मध्येच थांबली.

“बंद पडली वाटते,” पराग सर खुशीत म्हणाले, “पण पाहा, किती बरोबर दिसून राहिली!”

तेवढ्यात नीलिमाचा फोन वाजला. तिची आई कमलाबाई जवळच्याच एका संस्थेत कामाला होती आणि त्याच बसनं जुन्या शहरात, तेलीबांध्याला घरी परतायची.

“बाई, मी अजून थांब्यावरच आहो. अंधार पडून राहिला, रस्त्यावर माणूस नाही. बस येते का नाही, कोणी सांगन का मले?”

नीलिमानं कॅलेंडर उतरवलं. पराग सरांनी वाक्य वाचलं आणि गाडीची किल्ली उचलली.

“काकू गाडीत बसल्या,” दुसऱ्या दिवशी ते सांगत होते, “आन् म्हणाल्या, ‘भैया, बस बंद पडली हे तुम्हाले दिसलं, मले काहून नाही?’” मग त्यांनी रंगाचा चौकोन स्वतःच्या बाहीनं पुसला आणि तिथे संदेशाचा काढला.

आता बसचा संदेश घेऊन थांब्यावरच्या माणसांचे फोन वाजतात. माझ्या जागी काचेचा फळा आला आहे. मी दाराआड उभा आहे, वाक्यासकट.

मित्रांनो, काहीही बनवण्याआधी ते कुणासाठी आहे हे सर्वांत वर लिहा. न पुसल्या जाणाऱ्या मार्करनं लिहा. त्यावर कॅलेंडर टांगू नका.

आणि दार जरा हळू उघडा. मागे मी आहे.