हँडसेट आमच्या हातात राहील

२००९ च्या ऑगस्टमध्ये मी एक जुना मोबाइल विकत घेतला. त्याला पाच आठवडे लागले. मोबाइल महाग नव्हता, पण विकणाऱ्यांचा माझ्यावर विश्वास बसत नव्हता, आणि मला दुसरा कुठलाही मोबाइल चालणार नव्हता.

माझी बायको संजना मार्चमध्ये गेली. ती प्राथमिक शाळेत शिक्षिका होती, मी ओझरच्या कारखान्यात फिटर. तिची आई भागीबाई पेठ रोडला, करंजाळीच्या आत डोंगरातल्या एका पाड्यावर एकटी राहते. संजना दर रविवारी तिला फोन करायची. पाड्यावर रेंज नाही. पण भागीबाईकडे एक जुना हँडसेट होता, डोक्यावर बोटाच्या पेराएवढा अँटेना असलेला. तो पिशवीत घालून दाराच्या चौकटीला टांगला की रेंज यायची. संजनाच्या दहाव्याच्या गर्दीत तो कुणाच्या तरी हातून पाण्याच्या पिंपात पडला आणि संपला.

हॉस्पिटलमध्ये शेवटच्या आठवड्यात संजना म्हणाली होती, "आईचा रविवारचा फोन बंद पडू देऊ नका." मी हो म्हणालो.

तेव्हा एक अडचण माझ्या लक्षात आली नाही. भागीबाई जुन्या वळणाची. सव्वीस वर्षांत ती जावयाशी थेट एक शब्द बोललेली नाही. मी समोर बसलेलो असलो तरी ती पदर पुढे ओढून संजनाला सांगायची, "त्यांना विचार, चहा घेतील का." मी संजनाला सांगायचो, "घेतो म्हणावं." पण ते पुढचं पुढे. आधी हँडसेट हवा होता.

मी नवा मोबाइल घेऊन पाड्यावर गेलो. चौकटीला टांगला, छपरावर ठेवला. काही नाही. वरच्या टेकडीवर मात्र रेंज मिळाली. भागीबाईचा गुडघा कामातून गेलेला, ती तिथं चढणार कशी? नाशिकला येऊन शालिमारजवळची दुकानं पालथी घातली. एक दुकानदार म्हणाला, "काका, हे मॉडेल माझ्या लग्नात नवीन होतं. आता माझा पोरगा शाळेत जातो."

मग सायबर कॅफेत बसून जुन्या वस्तूंच्या जाहिराती बघायला लागलो. तिथं ई-मेलचा पत्ता लागायचा. संजनाचा होता, पासवर्ड तिच्या वहीत लिहिलेला होता. कॅफेवाला म्हणाला, "तुमचा वेगळा उघडून देतो." मी नको म्हणालो.

पहिला विकणारा पुण्याचा. आधी बँकेत पैसे भरा, मग कुरिअर करतो म्हणाला. आधी फोन बघू द्या म्हटलं, तर फोनवरच ओरडला, "बघतो बघतो म्हणणारे सगळे पळून जातात." दुसरा कॉलेज रोडचा. तो गाडीतून उतरलाच नाही. काच बंद ठेवून आतून हँडसेट दाखवला. "काचेतून बघा. चालू आहे." मी म्हणालो, "मला रेंज बघायची आहे, हातात द्या." त्याने गाडी सुरू केली आणि गेला.

तिसरा सिन्नरचा रवी. तिथल्या कारखान्यात कामाला. त्याच्याशी चार मेल झाले. तो फार नीट लिहायचा. रविवारी सिन्नरच्या स्टँडवर रसवंतीजवळ भेटायचं ठरलं.

मी बसमधून उतरलो. पंचविशीतला मुलगा उभा होता, शर्टाच्या खिशावर हात दाबून.

"रवी का?"

"हो. संजना म्याडम कुठंयत?"

तेव्हा मला कळलं. माझ्या प्रत्येक मेलवर तिचं नाव जात होतं. मी खाली माझं नाव लिहिलंच नव्हतं.

"मी त्यांचा नवरा. पुंजाराम."

"मग त्यांना फोन लावा. मी बोलतो त्यांच्याशी."

"लावता येणार नाही."

"का?"

मला तो शब्द तिथं, रसवंतीच्या घुंगरांच्या आवाजात, काढता आला नाही. मी म्हणालो, "त्या नाहीत."

"नाहीत म्हंजे? काका, मागच्या वेळी असाच एक जण आला होता. बाहेर जाऊन रेंज बघतो म्हणाला. अजून बघतोय. आणि ह्या हँडसेटचं बिल माझ्या नावावर. उद्या तुम्ही याच्यावरून काय उद्योग केला तर पोलीस माझ्या दारात." तो वळला आणि चालू लागला.

मृत्यूचा दाखला घरी फाइलमध्ये होता. बँकेत दाखवला, गॅस एजन्सीत दाखवला, कारखान्यात दाखवला. मोबाइल घ्यायला तो दाखवायचा नाही, असं मी परतीच्या बसमध्ये ठरवलं. कॅफेत जाऊन खरं ते लिहिलं. संजना माझी बायको, ती वारली, पत्ता तिचा आहे, मोबाइल तिच्या आईसाठी हवा आहे. त्याचं उत्तर आलं: मेलेल्या माणसाच्या नावावर धंदा करता, लाज वाटत नाही?

मला राग आला. पण तो बरोबरच होता. मी त्याच्या जागी असतो तर मीही विश्वास ठेवला नसता. मी परत लिहिलं: "तू माझ्याबरोबर पाड्यावर चल. हँडसेट सगळा वेळ तुझ्या हातात. रेंज आली तर घेतो. नाही आली तर तू परत घेऊन जा. जाण्यायेण्याचा खर्च माझा."

दोन दिवस काही नाही. तिसऱ्या दिवशी उत्तर: "हँडसेट आमच्या हातात राहील. आई बरोबर येईल."

रविवारी सकाळी नाशिकच्या सीबीएस स्टँडवर ते दोघं उतरले. त्याची आई लंकाबाई, कोपराला पिशवी, पदराच्या टोकाला घट्ट गाठ. हँडसेट त्या गाठीत होता.

"हे का ते पाव्हणं?" तिने मला खालून वर पाहिलं. "दिसायला तर बरं हाय. चोर दिसायला बरंच असत्यात."

"आई!"

"गप रं. आणि पाव्हणं, रानात नेऊन गळा दाबायचा इचार असंल तर आधीच सांगते, माझ्या थोरल्याला नंबर लिहून दिलाय तुमचा."

"बरं केलं," मी म्हणालो. "जेवण बरोबर आणलंय का? तिकडे हॉटेल नाही."

"आणलंय की. तुमच्या हातचं कोण खाणार?"

पेठच्या बसमध्ये ती खिडकीशी बसली, रवी मध्ये, मी कडेला. घाटात वळणं आली तरी तिने गाठीवरचा हात काढला नाही. करंजाळीला उतरून जीप, मग अर्धा तास पायी. चिखलात तिची चप्पल दोनदा रुतली. दोन्ही वेळा तिने ती स्वतःच काढली, मला हात लावू दिला नाही.

भागीबाई ओट्यावर नागली पाखडत होती. मला बघून तिने पदर पुढे ओढला आणि सूप बाजूला ठेवलं. माझ्याशी बोलायला तिला मधे कुणीतरी हवं होतं. मग तिने लंकाबाईकडे पाहिलं.

"त्यांना इचार, कोण पाव्हणं आणलं?"

लंकाबाई माझ्याकडे वळली. "ही तुमची सासू? हितं तर हायसा तुम्ही. मला काय इचारती?"

"ती माझ्याशी बोलत नाही. रीत आहे."

"मग फोनवर कोण बोलणार व्हतं?"

मी म्हणालो, "आधी वाजू तरी द्या."

भागीबाईने डब्यातून जुनं सिम काढून दिलं. रवीने ते स्वतः घातलं. लंकाबाईने हँडसेट पिशवीत टाकला, पिशवी चौकटीला टांगली आणि खाली उभी राहिली, पहारेकऱ्यासारखी. रवीने डोकावून पाहिलं. "एक दांडी. दोन. काका, आली रेंज."

आता बाहेरून फोन करून बघायला हवा होता. माझ्या मोबाइलला रेंज टेकडीवरच. मी म्हणालो, "मी वर जातो. पैसे रवीकडे ठेवून जातो. हँडसेट तुमच्याजवळ, पैसेही तुमच्याजवळ." रवीने ठरलेले नऊशे रुपये घेतले आणि पहिल्यांदाच जरा ओशाळला.

टेकडी चढायला वीस मिनिटं लागली. वरून घर दिसत होतं, पण माणसं दिसत नव्हती. मी नंबर लावला. वाजला. वाजत राहिला आणि बंद झाला. कुणी उचलला नाही. पुन्हा लावला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा लंकाबाईचा आवाज आला, इतका मोठा की मी फोन कानापासून लांब धरला.

"पाव्हणं! वाजतोय की! पर तुमची सासू हात लावीना. म्हणती, ह्याच्यावर माझी पोरगी बोलायची."

"तिला सांगा, आता मी बोलेन."

तिकडे कुजबुज. "ती म्हणती, त्यांना सांग, बरं हाय सगळं."

"विचारा, गुडघा कसा आहे."

"म्हणती, हाय तसाच. म्हणती, ते जेवले का इचार."

"सांगा, अजून नाही."

"म्हणती, भाकरी..." लंकाबाई थांबली. मग तिचा आवाज बदलला. तो माझ्यासाठी नव्हता. "बाई, दर आयतवारी मी सिन्नरवरनं येणार हाय का मधी बोलायला? तुझी लेक गेली, त्याची बायको गेली. ऱ्हायलं कोण? घे. घे म्हणते ना."

खरखर झाली. मग भागीबाईचा श्वास ऐकू आला. मामी म्हणावं की आई, ते कधी ठरवलं नव्हतं. मी मनाशी ठरवलं, ती बोलेपर्यंत फोन ठेवायचा नाही. बॅटरी होती, बॅलन्स होता. टेकडीवर वारा होता, म्हणून मी पाठ फिरवून उभा राहिलो.

शेवटी मीच बोललो. "आई, पुंजाराम बोलतोय. दर रविवारी फोन करीन. सकाळी दहाला."

"धाला नको," भागीबाई म्हणाली. "धाला मी वावरात असते. आठला करा."

"आठला करतो."

"आणि रिकाम्या पोटी उन्हात उभं राहू नका. खाली या. ह्या बाईनं तिच्या भाकरीचं फडकं सोडलंय, तुमच्यासाठी पण काढून ठेवलीय म्हणती."