पाटीची मागची बाजू

त्याने दाराशेजारच्या भिंतीवर संगमरवरी पाटी टेकवून धरली आणि ताईला हाक मारली. सरळ दिसते का, एवढंच सांग म्हणाला.

अख्ख्या गल्लीतल्या दारांवरची नावं त्याच्याच छिन्नीची. स्वतःची भिंत मात्र कोरी. दिव्याखाली अंधार, असं त्याची बायको म्हणायची. पण आज त्याला घाई होती. उद्या ताईचा दीर तिला न्यायला येणार होता. नवऱ्याने घराबाहेर काढल्यावर ती इथे आली, तेव्हापासून तिची बॅग पलंगाखालीच होती. एक साडी काढायची, वाळली की घडी करून परत आत ठेवायची. राहा असं भावाने म्हटलं नव्हतं, जा असंही नाही. गडी दगडाशी बोलेल, माणसांपुढे मात्र तोंडात मिठाची गुळणी.

ताईने हात पुसत वाचलं. पनाह.

"ही गिऱ्हाइकाने परत केलेली ना?"

तो हो म्हणाला. उर्दू शब्द, कानाला गोड लागला म्हणून त्या माणसाने कोरून घेतला होता. मग गिऱ्हाइकाच्या आईने अर्थ सांगितला. जीव मुठीत धरून आलेल्याला द्यायचा आसरा म्हणजे पनाह. आपल्याकडे कोण येतंय तसं? झालं, पाटी परत.

"मला वाटलं, आपल्या दाराला शोभेल," तो भिंतीकडे बघत म्हणाला. "तुझा दीर वाचेल. समजायचं ते समजेल."

आत बायकोचा भांडी घासायचा आवाज थांबला. ताईने अक्षरांवरून बोट फिरवलं.

"सुरेख कोरलंयस. पण दगड्या, पनाह परक्याला देतात रे. याच उंबऱ्यावर मी तुला चालायला शिकवलंय."

ती आत गेली. पलंगाखालून बॅग ओढल्याचा आवाज आला.

पुढून बिघडलेला दगड मागून कोरायचा, हा त्यांच्या वडिलांचा दंडक. त्याने पाटी पालथी घातली, घासली, पेन्सिलीने रेघा मारल्या. वरच्या रेघेवर ताईचं नाव लिहिलं, माहेरचं. खाली स्वतःचं.

ताई बॅग घेऊन दारात आली. बराच वेळ वाचत राहिली.

"वेलांटी जरा ठसठशीत कर," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दीर आला तेव्हा पाटी भिंतीत पक्की बसली होती. नावं वाचून तो चपला काढता काढता थांबला.

"वहिनी, बॅग भरली ना?"

"बॅग माळ्यावर टाकलीय," भाऊ म्हणाला. "पाणी घेणार?"